चिरेखाणीतलं हिरवं पाणी

आमच्या घरी पोहायचा तलाव होता, असं मी कुठे बोलून गेले की ऐकणारा आधी माझ्या चपलांकडे बघतो आणि मग माझ्याकडे. तलाववाल्या घरातली माणसं अशी दिसत नाहीत, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं. मग मला खुलासा करावा लागतो, की तो तलाव म्हणजे पावस गावाच्या अलीकडे, आमच्या घरामागे असलेली जुनी चिरेखाण होती, आणि तिच्यात पोहणं कमी आणि भांडणं जास्त झाली.

बाबांनी घर बांधलं तेव्हा चिरे बाहेरून आणले नाहीत. आमच्याच कातळात खाण काढली, जांभ्याचे चिरे तासून वर काढले आणि भिंती उभ्या केल्या. घर जेवढं वर आलं तेवढा खड्डा खाली गेला. चिरे ओळीनं निघतात, त्यामुळे खड्डाही कसा अगदी चौकोनी, सरळ कडांचा झाला होता. पावसाळ्यात तो भरायचा. मग त्यात बेडकांचं संमेलन आणि एखादा पाणदिवड साप. पाऊस सरला की आम्ही त्यात झाडलेला पातेरा, म्हणजे वाळका पाला, टाकायचो. त्या खड्ड्याकडे बघून कुणाला पोहायचा तलाव सुचेल असं वाटत नाही, पण बाबांना सुचला. बोटीवरच्या माणसाला रिकामा वेळ मिळाला की काहीही सुचतं.

बाबा मालवाहू बोटीवर इंजिनात तेलवाला होते, म्हणजे यंत्रांना तेल घालणारे. वाडीत मात्र सगळे त्यांना कप्तान म्हणायचे आणि तेही कुणाची चूक दुरुस्त करायचे नाहीत. वर्षातला बराचसा काळ ते पाण्यावर, उरलेला आमच्याकडे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते, रोज एस.टी.नं जाऊन येऊन. त्या वर्षी बाबा दिवाळीनंतर आले तेव्हा आईचे गुडघे गेलेले होते.

गेलेले म्हणजे काय, तर ती खाली बसली की उठताना आधी दाराची चौकट, मग माझा खांदा आणि शेवटी देवाचं नाव, एवढ्या सगळ्यांचा आधार घ्यायची. बाबा तिला रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रोज छातीभर पाण्यात चाला, पाण्यात वजन पडत नाही, गुडघे मोकळे होतील. दोन, उकिडवं बसणं बंद.

दुसरी गोष्ट आईनं दवाखान्याच्या पायरीवरच टाकून दिली. उकिडवं न बसता खळं कसं सारवायचं? आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, तुळशीवरून घराला वळसा घालून मागे थेट खाणीच्या कडेपर्यंत जायचं. आई ते दर आठवड्याला शेणानं सारवायची. वाडीत हळूहळू सगळ्यांनी सिमेंटचा कोबा करून घेतला होता. आई म्हणायची, कोब्यावर पाय भाजतात. खरं कारण वेगळं होतं. तिच्या हाताच्या सारवणाची वळणं अशी एकसारखी पडायची की येणारी बाई आधी खळ्याकडे बघायची आणि मग आईकडे. तेवढ्यासाठी गुडघे गेले तरी तिला चालणार होते.

पहिली गोष्ट बाबांनी उचलून धरली. "समुद्र हाय की दारात," ते म्हणाले. "रोज मी नेतो तुला."

"त्याचं नाव काडू नका," आई म्हणाली. "माजा नवरा नेतो तो मेला दर वर्साला. त्याच्यात मी पाय घालू?"

समुद्राशी आईचं असं जुनं वैर होतं. बाजारात जायचं तरी ती समुद्र दिसणार नाही त्या वाटेनं जायची, आणि आमच्याकडे अशी वाट शोधणं म्हणजे सोपं काम नाही. बाबांनी पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाणीच्या कडेनं चालत पावलांनी लांबी मोजताना दिसले.

डिसेंबरभर काम चाललं. पातेरा उपसला, गवंड्याकडून सिमेंटचा गिलावा करून घेतला, एका बाजूनं उतरायला रुंद पायऱ्या, पायऱ्यांना धरायला लोखंडी पाइप. आईला चढउतार नको म्हणून कठडा ठेवला नाही. तलावाची कड आणि खळं एका पातळीत, चालत यायचं आणि सरळ पायरीवर पाय ठेवायचा. भोवती माडाच्या झापांचा आडोसा. शेजारच्या काकी रोज मधल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, हनुवटी टेकून काम बघायच्या. कुणाकडे कधी काय चाललंय हे वाडीत सगळ्यात आधी काकींना कळायचं आणि मग सगळ्यांना.

"कप्तान, हितं बोट ठेवनार काय?" त्यांनी विचारलं.

"बायको ठेवनार," बाबा म्हणाले.

बाबांच्या मनात एकच होतं आणि ते त्यांनी मला सरळ सांगितलंही. पुढच्या बोटीवर चढायच्या आधी आईला एकदा पाण्यात न दुखता चालताना बघायचं. नाहीतर वर्षभर इंजिनाच्या धगीत उभं राहून त्यांना तिचं उठताना वेडंवाकडं होणारं तोंडच दिसत राहणार होतं.

आईनं सगळं तयार झाल्यावर अट घातली. "तळ दिसल्याबिगर मी पाय घालनार नाय. ह्या खानीत काय काय वळवळतं ते मी पंधरा पावसाळे बगतंय."

अट रास्त होती. मलाही त्या खाणीतली पाणदिवड आठवत होती.

पौष सरता सरता विहिरीवरचा पंप लावून तलाव भरला. पाणी असं नितळ, की तळाशी गवंड्याच्या थापीचे फराटे मोजता येत होते. बाबा आईला बोलवायला गेले तर ती म्हणाली, आज अमावस्या. दुसऱ्या दिवशी पापडाचं पीठ भिजवलं होतं. तिसऱ्या दिवशी कुणाकडे तरी हळदीकुंकू होतं. घाबरली होती, दुसरं काय. बाबा आपले रोज सकाळी एकटेच उतरून डुंबायचे आणि मोठ्यानं "काय मजा हाय!" असं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून ओरडायचे. आईची भीड चेपेपर्यंत आठवडा गेला, आणि ती पदर खोचून कडेला आली तेव्हा पाण्याला हिरवी झाक होती.

"माडाची सावली हाय ती," बाबा म्हणाले.

आईनं वर माडाकडे बघितलं, खाली पाण्याकडे बघितलं आणि परत फिरली. चार दिवसांत सावली दाट झाली आणि पायऱ्यांवर बुळबुळीत थर बसला.

आता खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. कॉलेजात आम्हाला तेव्हा शैवालच शिकवत होते, आणि इथे घरबसल्या स्पायरोगायराचे लांबसडक धागे हाताला लागत होते. मी बाटलीत भरून कॉलेजात नेले. सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या वर्गाला सूक्ष्मदर्शकाखाली माझा तलाव दाखवला. घरी येऊन मी हे कौतुकानं सांगितलं, तर आई म्हणाली, "कॉलेजात न्यायला बरं पडतं म्हनून वाडवलं हाय काय?" शिक्षणाला आमच्या घरात असा मान होता.

मग उपाय सुरू झाले. आधी पाणी उपसून माडांना सोडलं आणि बाबांनी काथ्यानं भिंती घासल्या. घासता घासता ते दोनदा आपटले आणि दोन्ही वेळा काकींनी गडग्यावरून पाहिलं. परत भरलं, परत हिरवं झालं. काकी म्हणाल्या, कासव सोडा, आमच्या माहेरच्या विहिरीत कासव होतं, पाणी कसं आरशासारखं असायचं. आई म्हणाली, कासव सोडलंत तर त्यालाच पोहू द्या. मग बाबांनी ग्रामपंचायतीत विहिरींसाठी आलेल्या ब्लीचिंग पावडरमधली थोडी मागून आणली आणि भर दुपारच्या उन्हात, सगळे बघायला हजर असताना, मूठमूठ करून तलावात उधळली. पाणी दुधासारखं पांढरं झालं, वासानं सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी वास गेला तसा पावडरचा जोरही गेला. उन्हानं क्लोरीन उडून जातं हे मला पुस्तकात नंतर सापडलं. पांढरा गाळ खाली बसला आणि त्याच्यावर शेवाळ नव्या जोमानं वाढलं.

एवढ्यावर बाबा थांबतील तर ते बाबा कसले. आमच्याकडे सुपारीवर रोग येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुना मिसळून फवारतात. पडवीत मोरचुदाची पुडी होतीच. सुपारीवरची बुरशी मरते तर शेवाळाची काय टाप, असं म्हणून त्यांनी ती पाण्यात विरघळवली. याचा परिणाम मात्र झाला. शेवाळ करडं पडून तळाशी गेलं आणि वरचं पाणी निळंशार दिसू लागलं. बाबा विजयी मुद्रेनं रोज त्यात डुंबू लागले, आणि पाठोपाठ ब्लीचिंग पावडरही टाकत राहिले. आई म्हणाली, "रंग बरा हाय. तळ कुटाय?"

बाबांचे केस तेव्हा पूर्ण पांढरे होते. होते, असं म्हणते, कारण शिमग्याच्या तोंडावर ते हिरवे दिसू लागले. आधी मला वाटलं संध्याकाळच्या उजेडामुळे. मग काकींनी गडग्यावरून हाक मारली, "अवो, कप्तानाच्या डोक्यावर शेवाळ आलं!" आणि अर्ध्या तासात वाडी गोळा झाली. मोरचुदातलं तांबं पांढऱ्या केसांवर चढतं, हे मला वनस्पतिशास्त्रात कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी साबण लावला, शिकेकाई लावली, लिंबू चोळलं. केस चमकायला लागले, हिरवेच. शिमगा होता म्हणून निभावलं. पालखीबरोबर ते गावभर हिंडले आणि सगळ्यांना वाटलं, कप्तानानं यंदा रंगाला लवकर सुरुवात केलेली दिसते. पंचाईत झाली ती शिमगा संपल्यावर. एका लग्नात आईनं त्यांना टोपी घातल्याशिवाय शेजारी बसू दिलं नाही.

आणि पालखीच्याच निमित्तानं मला शेवाळाचं खरं कारण कळलं.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते आणि खळ्यात नाचते. पालखी येणार म्हणजे खळं सारवलेलं हवंच. त्या वर्षी आईनं नुसतं खळंच नाही, तर तलावाच्या चारही कडाही सारवून काढल्या. ती आधीपासूनच दर आठवड्याला तलावाकडची बाजू सारवायची. पाण्याची जागा स्वच्छ नको का? मग उरलेला शेणकाला बादलीच्या तळाशी राहायचा, बादली विसळून तिथेच ओतायची, वर सकाळ-संध्याकाळ सडा. कठडा नव्हताच. बाबा डुंबले की पाणी कडेवर उसळायचं आणि सारवण धुऊन घेऊन परत आत जायचं. त्या शिमग्याला तर पालखी नाचली, माणसं घामाघूम झाली, पोरांनी हातपाय तलावाच्या कडेवर धुतले. तीन दिवसांत पाणी इतकं घट्ट हिरवं झालं की वर एखादा बेडूक चालत गेला असता.

मी पायरीवर बसून बघत होते. खळ्याच्या बाजूला शेवाळाचा जाड गालिचा होता. पलीकडे, जिथे नुसता कातळ होता आणि आई सारवायला जात नव्हती, तिथे जवळपास काही नव्हतं. मला हसू आलं आणि मग एकदम रागही आला. दीड महिना बाबा घासत होते, आपटत होते, डोकं हिरवं करून घेत होते, आणि इकडे आई दर शनिवारी निगुतीनं त्या शेवाळाला जेवू घालत होती.

मला गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. रात्री जेवतानाच मी बोलले, "आई, तुझ्या शेणामुळे शेवाळ होतंय."

आईचा हात ताटातच थांबला. "देवाची जागा ज्यानं सारवतो ते शेन घान?"

"घाण नाय गो, खत. माडांना घालतेस ना? तसंच ते शेवाळाला मिळतंय. वर बाबा पावडर टाकतात, खाली तू खत घालतेस."

मी "घाण" म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. ती मला अडाणी ठरवून मोकळी झाली असती. पण माडाचं खत तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे माझं म्हणणं तिला तिथल्या तिथे पटलं, आणि पटल्यामुळे ती जास्तच भडकली. ताट उचलून ती आत गेली. उठताना चौकट धरली, माझा खांदा धरला नाही. मी बोलले ते बरोबरच बोलले होते आणि आजही माझं मत तेच आहे.

बाबा शांतपणे जेवत होते. त्यांचा चेहरा बघून मला संशय आला. "तुम्हाला माहीत होतं?"

"दिसत व्हतं थोडंफार," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी भात कालवला, परत कालवला. "मी वर्सातलं चार-सहा महिने हितं. ती बारा महिने. खळं सारवू नको म्हनून मी कुटल्या तोंडानं सांगू?"

 त्याच आठवड्यात बाबांना कंपनीचं बोलावणं आलं. वैशाख संपायच्या आत मुंबईला हजर व्हायचं होतं.

पुढच्या शनिवारी आईनं खळं सारवायला घेतलं. माझ्याशी ती बोलत नव्हती. पहाटेपासून रागारागानं हात फिरवत होती, आणि तरी वळणं एकसारखी पडत होती, हे मला दारातून दिसत होतं. घराला वळसा घालून ती मागे गेली. मी माझ्या कामाला लागले. बऱ्याच वेळानं काकींची हाक आली, "अगो, कुनीतरी या! ही बाय उटत नाय!"

आम्ही धावलो. तलावाच्या कोपऱ्याजवळ आई उकिडवी बसलेली होती, शेणाचा हात तसाच जमिनीवर टेकलेला. ती किती वेळ तशी होती कोण जाणे. हाक मारली नव्हती. ओठ घट्ट मिटलेले आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. दोन हातांवर तलाव आणि तिला उठता येत नव्हतं. बाबांनी तिला काखेत हात घालून उचललं आणि मी पाय सरळ केले. तेव्हा ती ओरडली. मला इतकं वाईट वाटलं की त्या क्षणी ते सगळं खळं उकरून फेकून द्यावंसं वाटलं.

घरात नेऊन बाजल्यावर निजवलं तर ती एवढंच म्हणाली, "कोपरा रवला."

दोन दिवस ती पडून होती आणि दोन दिवस तो कोपरा तसाच राहिला. मी सारवते म्हटलं, तर नको म्हणाली. मी सारवलेलं तिला कधीच आवडलं नव्हतं आणि ते योग्यच होतं, माझ्या सारवणाला पोपडे धरायचे. तिसऱ्या दिवशी ती काठी टेकत मागच्या दारात आली. बाबा तिथे बसून उगाचच एक पाइप घासत होते. तिनं त्यांच्याकडे न बघता, अर्धवट कोपऱ्याकडे बघत म्हटलं, "तुळशीपातूर सारवंन मी, नायतर कुनाकडून सारवून घेईन. तितनं पुडं चिरे घाला. काय ते तुमच्या बोटीसारकं करा."

बाबा एकदम उठले, पाइप हातातून पडला आणि त्यांच्याच पायावर पडला. तरी ते हसत होते.

मग बापलेकींनी कामाला जुंपून घेतलं. कॉलेजला मी बिनदिक्कत दांड्या मारल्या. पाणी उपसलं, भिंती ब्लीचिंग पावडरच्या पातळ लगद्यानं घासल्या, दोन दिवस कडकडीत उन्हात सगळं वाळू दिलं. तलावाभोवती चिऱ्यांची फरसबंदी केली आणि कडेला चिऱ्याची एकच ओळ उभी केली, आईला पाऊल सहज उचलता येईल एवढीच. खळ्याकडून येणारं पाणी अडवायला चर खणला आणि तो थेट माडांकडे वळवला. त्या माडांनी पुढच्या वर्षी काय नारळ दिले ते विचारू नका. शेणावरून आईला बोलायची माझी सोय त्या नारळांनी कायमची बंद केली.

आता पावडर टाकायची तीही अक्कल आली होती. ऊन उतरल्यावर बादलीत कालवून ठेवायची, चुन्यासारखा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं तलावात सोडायचं. सकाळी आंब्याचा पालापाचोळा काढायला मी फाटक्या मच्छरदाणीचं जाळं केलं होतं. दुपारी पाण्यावर झाप आडवे टाकायचे म्हणजे ऊन कमी पोचायचं. बाबा पाय धुतल्याशिवाय आत उतरायचे नाहीत, आणि मोरचूद मी गडग्यापलीकडे काकींच्या स्वाधीन केलं होतं. शेवटी तुरटी फिरवली. दोन दिवस पाण्याला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम मीच काढला. बाबा कडेवर बसून नुसते बघत राहिले. मुंबईची तारीख जवळ आली होती आणि त्यांची पेटी पडवीत येऊन बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाप बाजूला केले. गवंड्याच्या थापीचे फराटे दिसत होते. मी आत जाऊन आईला म्हटलं, "चल."

या वेळी अमावस्या नव्हती आणि पापडही नव्हते. ती नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, काठी टेकत आली. बाबा आधीच आत उतरून पायऱ्यांच्या खाली हात पसरून उभे होते, तिला धरायला. डोक्यावरचे केस अजून थोडे हिरवट होते. आईनं पाण्यात वाकून बघितलं.

"तुमी भायर या," ती म्हणाली. "तुमच्या पायांनी गाळ उटतो. तळ दिसत नाय."

एवढे महिने ज्यासाठी झटले त्या क्षणी बाबांना बाहेर काढण्यात आलं. ते मुकाट्यानं वर आले आणि पंचा गुंडाळून कडेवर उभे राहिले. गाळ बसेपर्यंत आई थांबली. मग पाइप धरून एक पायरी, दुसरी पायरी. गार पाणी घोट्याला लागलं तशी ती "आई गं" म्हणाली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. तिनं पाइप सोडला.  ती चालायला लागली, आधी एक पाऊल टाकून थांबत, मग न थांबता, पलीकडच्या भिंतीपर्यंत आणि परत. तिचं तोंड वेडंवाकडं झालं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ती पुन्हा घाबरायची म्हणून मी तोंडात पदर कोंबला.

मग ती मधोमध थांबली आणि हळूहळू उकिडवी बसली. गळ्यापर्यंत पाणी, भोवती लुगडं फुगून वर आलेलं. बसली आणि उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली, कुणाचाही खांदा न धरता.

"दुकतं काय?" बाबांनी विचारलं. 

"नाय," आई म्हणाली. ती हसतही होती आणि रडतही होती, आणि चेहरा ओला असल्यामुळे तिला ते लपवायची गरज नव्हती. थोड्या वेळानं ती बाबांकडे वळली. "एवडी वर्सं मी जमनीवर आनि तुमी हितं. असल्या सुकात. मला वाटायचं, बिचारे कष्ट काडतात."

ती थट्टेनं म्हणाली, पण सगळीच थट्टा नव्हती. समुद्रावरचा तिचा जुना राग त्यात होता, हे मला कळलं आणि बाबांनाही कळलं. ते पंच्याचं टोक पिळत उभे राहिले.

"मी इंजिनात असतो गो," ते म्हणाले. "तळाला. तितं खिडकी नसते. पानी भायरनं वाजतं तेवडं ऐकू येतं. दिसत नाय कदी."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. ते तेलवाला हे माहीत असूनही आमच्या मनात ते कप्तानासारखे वर डेकवर उभे असायचे.

"मग या आत," ती म्हणाली.

"गाळ उटंल. तळ दिसायचा नाय."

"नाय दिसला तर नाय," आई म्हणाली आणि तिनं पाण्यातून हात पुढे केला.